कंट्रोल-शिफ्ट-पी दाबलं, पट्टी काही येईना

प्रश्न: सर, नमस्कार. मी लातूरला एका अडत दुकानात हिशोब बघतो. वय ५१. कॉम्प्युटरचं शिक्षण नाही, बघून बघून शिकलो. सहा-सात वर्षांत एक्सेलमध्ये थोडे थोडे मॅक्रो, म्हणजे एका दाबात ठरलेली कामं करणारे छोटे प्रोग्राम, जमवले. कंट्रोल-शिफ्ट-पी दाबलं की वजन, भाव, हमाली, तोलाई, उचल सगळं धरून शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाचा कागद, तयार, खाली मराठीत अक्षरी रक्कम. मागच्या मंगळवारी सोयाबीनची लई आवक होती अन् ऐन टायमाला लाईट गेली. आल्यावर एक्सेल उघडलं तर त्यानं इंग्रजीत काहीतरी विचारलं, मी घाईत ‘नो’ दाबलं. तवापासून एकही मॅक्रो दिसत नाही. पुतण्याला कधीतरी व्हॉट्सॲपवर कोड पाठवला होता, तो त्यानं त्याच्या लॅपटॉपवर टाकला. पट्टी निघते, पण शॉर्टकट लागत नाही अन् अक्षरीची जागा कोरी येते. त्यानं कोडात मराठी शब्द टाकून बघितले, तर नुसती प्रश्नचिन्हं. दुरुस्तीला येणारा पोरगा म्हणतो, फॉरमॅट मारू, सगळं ठीक होईल. सध्या पट्ट्या हातानं लिहितोय. मॅक्रो गेले का? आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करावं? अमावस्येला आमचा काटा बंद असतो, तेवढा दिवस मोकळा मिळतो. जुन्या पट्टीचा फोटो जोडलाय. – एक मुनीम, लातूर

मुनीमजी, नमस्कार.

आधी त्या दुरुस्तीवाल्या पोराला फोन करा आणि सांगा, येऊ नकोस. येऊन बसला असेल तर चहा पाजून परत पाठवा. तुमचे मॅक्रो माझ्या अंदाजानं जागच्या जागी आहेत. फॉरमॅट मारलं तर मात्र ते खरोखर जातील, कारण दुकानातला तो एक कॉम्प्युटर सोडला तर त्यांची पूर्ण प्रत कुठंच नाही, हे तुमच्या पत्रावरून दिसतंय. पुतण्याकडं आहे ती अर्धी. अर्धी का, ते पुढं सांगतो.

झालं काय, तर तुम्ही पहिला मॅक्रो रेकॉर्ड केलात तेव्हा एक चौकट आली असेल. नाव काय, शॉर्टकट कोणता, आणि खाली ‘स्टोअर मॅक्रो इन’. तिथं तुम्ही ‘पर्सनल मॅक्रो वर्कबुक’ निवडलं आणि एक्सेलनं गुपचूप एक वेगळी फाईल तयार केली. तिचं नाव पर्सनल, आडनाव एक्सएलएसबी. (२००७ च्या एक्सेलआधी आडनाव नुसतं एक्सएलएस होतं.) एक्सेल सुरू झालं की ही फाईल मागच्या दारानं आत येते आणि पडद्याआड बसते. म्हणून कोणत्याही फाईलीत तुमचं कंट्रोल-शिफ्ट-पी चालायचं. आपण समजतो मॅक्रो एक्सेलमध्ये आहेत. ते असतात या शेजारच्या फाईलीत, आणि तुमच्यासारख्या रोज वापरणाऱ्यानंही ती कधी डोळ्यांनी बघितलेली नसते.

लाईट गेली तेव्हा ती उघडी होती. एक्सेल आपटलं. पुन्हा सुरू झाल्यावर त्यानं विचारलं असणार की गेल्या वेळी ही फाईल उघडताना गंभीर अडचण आली, तरी उघडू का? तुम्ही म्हणालात ‘नो’. तुमच्या मनात होतं ‘आत्ता नको, गिऱ्हाईक उभंय’. एक्सेलनं ते ‘यापुढं नको’ असं धरलं आणि फाईलीचं नाव एका यादीत टाकलं. त्या यादीतून नाव काढेपर्यंत ते तिला दारातच उभी करत नाही.

आता बसा कॉम्प्युटरसमोर. पण दुरुस्तीला हात लावायच्या आधी प्रत काढायची.

एक्सेल पूर्ण बंद करा. विंडोजची कळ आणि आर एकदम दाबा, छोटी चौकट येईल. तिच्यात इंग्रजी अक्षरांत पर्सेंटचं चिन्ह, अ‍ॅपडेटा हा शब्द, पुन्हा पर्सेंटचं चिन्ह, मधे जागा न सोडता टाका आणि एंटर मारा. हा लपवलेला फोल्डर असतो, एरवी सी ड्राइव्हमध्ये कितीही शोधला तरी दिसत नाही. तिथून मायक्रोसॉफ्ट, त्यात एक्सेल, त्यात एक्सएलस्टार्ट. पर्सनल नावाची फाईल तिथं दिसली की तिच्यावर डबल क्लिक करू नका. कॉपी करा, पेनड्राइव्हवर पेस्ट करा, पेनड्राइव्ह काढा आणि खिशात टाका. आता पुढं काहीही बिघडलं तरी तुमचं नुकसान शून्य.

फाईलीचं वजनही बघून ठेवा. शून्य केबी असेल तर थांबा आणि मला पुन्हा लिहा. तसं नसेल तर निम्मं काम झालं.

मग एक्सेल उघडा. फाईल, ऑप्शन्स, अ‍ॅड-इन्स. सगळ्यात खाली ‘मॅनेज’ लिहिलेलं असतं आणि शेजारी खाली उघडणारी यादी. त्यात ‘डिसेबल्ड आयटम्स’ निवडा, ‘गो’ दाबा. तुमची पर्सनल फाईल तिथं निमूट बसलेली सापडेल. तिच्यावर क्लिक करून ‘एनेबल’ करा. एक्सेलच्या सगळ्या खिडक्या बंद करा आणि पुन्हा उघडा. ऑल्ट आणि एफ-८ दाबल्यावर जुनी नावं ओळीनं दिसली, तर हा लेख इथंच ठेवून आधी खोळंबलेल्या पट्ट्या काढा. बाकीचं अमावस्येला वाचा.

नावं आली नाहीत तर? एक छोटी परीक्षा आहे. नवा मॅक्रो रेकॉर्ड करायला घ्या आणि साठवायची जागा म्हणून पर्सनलच निवडा. स्टार्टअप फोल्डरमधलं पर्सनल वर्कबुक उघडं असल्याशिवाय रेकॉर्ड होणार नाही, अशा अर्थाचा इंग्रजी निरोप आला तर फाईल अजून अडवलेलीच आहे, पुन्हा त्या यादीत जा. ही परीक्षा मी प्रत काढायच्या आधी का सांगितली नाही, तेही ऐका. एक्सएलस्टार्ट रिकामा असेल तर एक्सेल काही न बोलता एक नवी कोरी पर्सनल फाईल तयार करतं, आणि मग खरी कोणती, खोटी कोणती, याचा घोळ सुरू होतो.

फोल्डर रिकामा निघाला, तर आधी बघा की तुम्ही नेहमीच्याच नावानं विंडोजमध्ये शिरलाय का. दुरुस्तीवाली पोरं कधीकधी नवा युजर काढून देतात. डेस्कटॉप सारखाच दिसतो, पण अ‍ॅपडेटा प्रत्येक युजरचा वेगळा. एक्सेल नेमकं कुठल्या फोल्डरकडं बघतंय हे त्यालाच विचारता येतं. ऑल्ट-एफ-११ दाबा, मग कंट्रोल-जी, आणि खाली उघडलेल्या पट्टीत प्रश्नचिन्ह टाकून अ‍ॅप्लिकेशन, डॉट, स्टार्टअपपाथ असं इंग्रजीत लिहून एंटर मारा. पूर्ण पत्ता समोर येतो.

फाईल आहे, यादीतही नाही, तरी उघडताना रडते, असं झालं तर ती खरंच थोडी मोडलीय. फाईल, ओपन, ब्राउझ करून पेनड्राइव्हवरची प्रत निवडा. ‘ओपन’ बटनाच्या शेजारी बारीक बाण असतो, त्यावर क्लिक करून ‘ओपन अँड रिपेअर’ घ्या. हे काम प्रतीवरच करायचं.

‘पर्सनल लॉक्ड फॉर एडिटिंग’ असा निरोप काही जणांना येतो. तुम्हाला आला तर घाबरू नका. एक एक्सेल बंद होताना मधेच अडकून पडलेलं असतं, दिसत नाही पण फाईल धरून बसतं. टास्क मॅनेजरमधून त्याला बंद केलं की झालं.

आता पुतण्याची भानगड. पोरगं हुशार आहे, त्याला बोलू नका. त्यानं टाकलेला कोड बरोबरच आहे, फक्त कोड म्हणजे सगळी फाईल नव्हे.

अक्षरी रकमेचा विचार करा. पट्टीवर ४६,८०० आलं की खाली ‘सेहेचाळीस हजार आठशे’ उमटलं पाहिजे. इंग्रजीत हे सोपं आहे. एक ते एकोणीसचे शब्द आणि वीस, तीस ते नव्वद हे आठ, असे २७ शब्द दिले की ९९ पर्यंत सगळे आकडे जोडून तयार होतात. मराठीत तसं चालत नाही. सेहेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस म्हणेपर्यंत ठीक, की लगेच एकोणपन्नास पुढच्या दशकाला जाऊन चिकटतो. एकोणनव्वद म्हणायचं, पण ९९ ला एकोणशंभर नाही, नव्व्याण्णव. नियम बांधायला जाल तर अपवादच जास्त निघतात. म्हणून एक ते नव्व्याण्णव असे ९९ शब्द यादीत लिहूनच ठेवावे लागतात, वर शे, हजार, लाख, कोटी.

ही यादी कोडात लिहिता येत नाही. मॅक्रो लिहायची ती खिडकी जुन्या जमान्यातली आहे, तिला युनिकोड देवनागरी कळत नाही. मराठी टाइप करा, ती प्रश्नचिन्हं दाखवते, आणि साठवते पण प्रश्नचिन्हंच. पुतण्याच्या लॅपटॉपमध्ये बिघाड नाही. प्रत्येक अक्षराचा क्रमांक देऊन शब्द रचता येतो, म म्हणजे २३५०, र म्हणजे २३५२ असं करत. पण ९९ शब्द असे रचायला बसलेला माणूस मी अजून पाहिला नाही. सेलमध्ये मात्र मराठी व्यवस्थित बसते. त्यामुळं तुम्ही कधीतरी, बहुधा कुणाच्या तरी सांगण्यावरून, पर्सनल फाईलीच्या आतल्या शीटवर ही यादी टाकली असणार आणि कोड तिथून शब्द उचलतो. हो, पर्सनल फाईलीला साधी शीटही असते, फक्त ती लपलेली असते.

पुतण्याकडं कोड गेला, शीट गेली नाही. कोड त्याच्या फाईलीत शब्द शोधायला जातो, तिथं सेल कोरे, म्हणून अक्षरीही कोरी. शॉर्टकटचंही तसंच. कंट्रोल-शिफ्ट-पी ही नोंद कोडाच्या दिसणाऱ्या ओळींत नसते, तिच्यासाठी एक लपलेली ओळ असते. व्हॉट्सॲपवर कॉपी-पेस्ट करताना ती मागंच राहते.

यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. बॅकअप म्हणजे एक फाईल कुठंतरी टाकून देणं, असं तुमच्या बाबतीत भागणार नाही. अमावस्येला पुढचं करा.

एक्सेल बंद ठेवून पर्सनल फाईल अख्खी कॉपी करा. हिच्यात कोड, शीट, शॉर्टकट सगळं येतं. नाव देताना तारीख घाला, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे फोल्डरमध्ये आपोआप क्रमानं लागतात. जुन्या प्रतीवर नवी कधीही टाकू नका. निदान मागच्या तीन अमावस्यांच्या प्रती राहू द्या, कारण बिघडलेली फाईल तुम्ही नकळत कॉपी केली असेल तर सुधारायला मागची लागते.

मग ऑल्ट-एफ-११ दाबून डावीकडच्या यादीत पर्सनलच्या खालचं प्रत्येक मॉड्यूल, म्हणजे कोडाचा गठ्ठा, उजव्या क्लिकनं ‘एक्स्पोर्ट फाईल’ करा. बास आडनावाच्या फाईली तयार होतात. याचा फायदा असा की मूळ फाईल पूर्ण मोडली तरी बास फाईल नोटपॅडमध्येसुद्धा वाचता येते. आणि ती लपलेली शॉर्टकटची ओळ हिच्यात जाते. म्हणून पुतण्याला पुढच्या वेळी कोड चिकटवून पाठवू नका, बास फाईल द्या आणि त्याला ‘इम्पोर्ट’ करायला सांगा. आउटलुकवरून पाठवणार असाल तर बास फाईल तिथं अडवली जाते, झिपमध्ये घाला किंवा सरळ पेनड्राइव्ह द्या.

शब्दांची शीट बास फाईलीत येत नाही, म्हणून ती साध्या एक्सेल फाईलीत वेगळी ठेवा. वरच्या पट्टीवर मॅक्रोची बटनं लावली असतील तर ती पर्सनल फाईलीतही नसतात, तिसऱ्याच ठिकाणी असतात. ऑप्शन्समध्ये ‘कस्टमाइज रिबन’ला जाऊन खाली ‘इम्पोर्ट/एक्स्पोर्ट’मधून त्यांची एक फाईल काढता येते. तुम्ही कळफलकावरचेच गडी दिसता, तुम्हाला कदाचित लागणारही नाही.

ठेवायचं कुठं? ‘आमचं सगळं वनड्राइव्हवर जातं’ असं मालक म्हणतील. जातात ते डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो असले फोल्डर. अ‍ॅपडेटा त्यात नाही. हे मी फुकट शिकलेलो नाही. २०१३ साली माझा कॉम्प्युटर एका दुकानात फॉरमॅटला दिला होता. ‘डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचा बॅकअप घेतलाय काका’ असं त्यानं छातीठोक सांगितलं, आणि घेतलाही होता, इमानदारीत. माझ्या नऊ वर्षांच्या मॅक्रोंची फाईल त्या दोन्हींत नव्हती. त्याची चूक म्हणता येत नाही, मी सांगितलंच नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं. घरी येऊन एक्सेल उघडलं तेव्हा कळलं. पुढचे दोन आठवडे मी आठवून आठवून कोड लिहीत होतो आणि बायको म्हणत होती, जेवून घ्या.

तर एक प्रत पेनड्राइव्हवर, तो दुकानात नाही, घरी ठेवायचा. दुसरी डॉक्युमेंट्समध्ये एक फोल्डर करून, म्हणजे वनड्राइव्ह तिला आपोआप उचलेल. मेलमधून किंवा नेटवरून उतरवलेली मॅक्रो फाईल नुसती उघडलीत तर वर लाल पट्टी येऊन मॅक्रो अडवले जातात, २०२२ पासून मायक्रोसॉफ्टनं हे सुरू केलं. फाईलीवर उजवं क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, खाली ‘अनब्लॉक’ला टिक करा.

प्रत चालते की नाही, ते एकदा पुतण्याच्या लॅपटॉपवर बघा. त्याचं एक्सेल बंद करून त्याच्या एक्सएलस्टार्टमध्ये तुमची पर्सनल फाईल टाका आणि कंट्रोल-शिफ्ट-पी दाबा. आधी त्याची स्वतःची पर्सनल फाईल तिथं असेल तर तिचं नाव बदलून बाजूला काढा, नाहीतर काकांच्या बॅकअपनं पुतण्याचे मॅक्रो पुसले जायचे.

लाईटचं तुमच्या-माझ्या हातात नाही. पण दुकानात इन्व्हर्टर असेल आणि कॉम्प्युटर त्याच्यावरच असेल, तर तो लाईट बदलताना क्षणभर दम घेतो आणि तेवढ्यात कॉम्प्युटर बसतो. कॉम्प्युटरला छोटा यूपीएस वेगळा लागतो. मालकांना हंगामाच्या आधी सांगा, हंगामात ऐकणार नाहीत.

आता एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. तुम्ही जोडलेल्या पट्टीचा फोटो मी मोठा करून बघितला. निव्वळ रक्कम ५९,२८०. खाली अक्षरी छापलंय ‘एकोणसत्तर हजार दोनशे ऐंशी’. तुमच्या यादीत ५९ समोर एकोणसाठच्या जागी एकोणसत्तर पडलंय. शेतकऱ्यानं आकडा बघितला, तुम्हीही आकडाच बघितला, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. पण याच मॅक्रोनं चेक छापत असाल तर सावध व्हा. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याचं कलम १८ सांगतं की आकडा आणि अक्षरी रक्कम वेगळी असेल तर अक्षरी धरायची. दहा हजारांचा फरक आहे, मालकांना कसा समजावाल?

‘व्ह्यू’मध्ये ‘अनहाइड’ करा, पर्सनल निवडा, शीट दिसेल. ५९ समोरचा शब्द नीट करा आणि लगे हात ४९, ६९, ७९, ८९ च्या ओळीही बघून घ्या, घसरायच्या जागा त्याच आहेत. मग ‘व्ह्यू’मधून ‘हाइड’ करा, नाहीतर रोज सकाळी ती शीट पट्टीच्या आधी तोंडासमोर येईल. एक्सेल बंद करताना पर्सनल वर्कबुकमधले बदल साठवू का म्हणून विचारेल. या वेळी घाईत ‘नो’ दाबू नका. अमावस्येची प्रत त्याच्या नंतर काढा. आणि पेनड्राइव्हवर आत्ता घेतलेल्या प्रतीच्या नावापुढं ‘५९ चुकीचा’ एवढं लिहून ठेवा.